जाळीतली फुलं

आमच्या संस्थेत डिझाइन थिंकिंग आलं ते गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, बोलेरोत बसून. सोबत एक मोठा खोका होता. त्यात पाच रंगांचे चिकट कागद, जाड स्केचपेनं, लोकरीचे गुंडे आणि बालवाडीत असतात तसले प्लास्टिकचे ठोकळे होते. खोका उतरवायला आमच्या ऑफिसातली दोन माणसं लागली, आणि खोक्यामागून रीता उतरली. मूळची नागपूरची, आता बंगळुरूची. संस्थांना विचार कसा करायचा हे शिकवायला ती देशभर फिरते.

मी माधवी. माहेर मूल गावचं, वडील राइस मिलवर होते. पंधरा वर्षं झाली, मुलचेरा तालुक्यातल्या जंगलगावांमध्ये मी या संस्थेचं काम करते. मी लागले तेव्हा लोकसहभाग चालू होता. मग सक्षमीकरण आलं. मग एक तक्ता आला, ज्यात गावाची सगळी दुःखं चार रकान्यांत बसवायची असत, आणि न बसलेलं दुःख पुढच्या वर्षावर ढकलायचं असे. दर तीन वर्षांनी पैसे देणाऱ्या फंडरचा शब्द बदलतो आणि त्याबरोबर आमच्या संस्थेच्या प्रमुखांची, प्रफुल सरांची, भाषा बदलते. हे सर एकेकाळी प्रफुलभाऊ होते. सायकलवर पोह्यांचा डबा लावून गावं फिरायचे, लोकांच्या बाजेवर झोपायचे. आता ते गावाला 'जिओग्राफी' म्हणतात. मला त्यांचा राग येतो, आणि जुने दिवस आठवले की जास्तच येतो.

वर्कशॉप चंद्रपूरला एका हॉटेलच्या हॉलमध्ये झालं. एसी इतका गार की मी पदर कानावर घेऊन बसले. रीतानं पहिल्या दिवशी सांगितलं की डिझाइन थिंकिंगच्या पाच पायऱ्या असतात, आणि पहिली पायरी म्हणजे माणसाचं ऐकून घेणं. सगळे माना डोलवायला लागले. शेजारच्या संस्थेचा एक गृहस्थ तर वहीत लिहून घेत होता, 'माणसाचं ऐकणे', आणि खाली दोन रेघा. मी चौदा वर्षं ऐकूनच घेत होते, पण कोणी त्याला पायरी म्हटलं नव्हतं, म्हणून ते मोजलं गेलं नसावं.

आमचा प्रश्न ठरला होता मोहाचा. मोहाची फुलं पाचोळ्यात पडली की दिसत नाहीत, म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि ती आग जंगलात पसरते. शिवाय कमरेत वाकून वेचायचं, तेही पहाटे, अस्वल हिंडतं तेव्हा. प्रश्न खरा होता, यात वाद नाही. मी स्वतःच तो दहा वर्षांपूर्वी अहवालात लिहिला होता. पण तेव्हा तो साध्या मराठीत होता, त्यामुळे कोणाच्या नजरेत भरला नाही.

तर माणसाचं ऐकायला आम्ही कोसेटोल्याला गेलो. चाळीस घरांचं गाव. पहाटे चारला पोचलो. रीतानं डोक्याला बॅटरी बांधली होती आणि गळ्यात कॅमेरा. गावातल्या म्हाताऱ्या बुधूभाऊच्या सुनेला, मोनालीला, आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. ती टोपली घेऊन पुढे, तिच्या मागे रीता, रीताच्या मागे मी दुभाषी. मोनालीला मराठी छान येतं, रीतालाही येतं, पण मोनालीचं बोलणं रीताला कळत नव्हतं आणि रीताचं मोनालीला.

"तुला हे काम करताना आतून काय वाटतं?" रीतानं विचारलं.

मोनालीनं माझ्याकडे पाहिलं. "बाई काय विचारून राह्यली?"

"थकवा येते का म्हून विचारून राह्यली," मी म्हटलं.

"येते ना. कंबर दुखते. दुसरं काय येन?"

रीतानं लिहून घेतलं: वेदना, शारीरिक. मग तिनंही दहा मिनिटं मोह वेचला, आणि उठताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी खरं होतं, त्याबद्दल मी तिला नावं ठेवणार नाही. पण ती लगेच कॅमेऱ्याकडे वळली आणि त्या पाण्याबद्दल बोलायला लागली, तेव्हा मोनाली टोपली उचलून पुढच्या झाडाकडे निघून गेली. फुलं पडून राहिली की हरणं खातात, तिला उभं राहायला वेळ नव्हता.

नऊ वाजले. सूर्य झाडाच्या शेंड्यावर आला, मोनाली टोपली डोक्यावर घेऊन घरी निघाली, आणि आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मुलचेऱ्याला पोहे सांगून ठेवले होते. आम्ही गाडीत बसलो. गाडी वळली तेव्हा समोरून सोमारी येत होती, काखेत टोपली, मागे आणखी दोन बाया. तिनं मला हात केला, मीही केला.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच बिघडलं.

कोसेटोल्यात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली आहेत. सरकारी कागदावर ती वनखात्याची. गावाच्या लेखी आज्या-पणज्यापासून ज्याची त्याची. झाड बापाकडून मुलाकडे जातं, मुलीकडे जात नाही. मग जी बाई नवरा मेल्यावर माहेरी परत आली, तिनं काय करायचं? तिच्यासाठी गावानं फार जुनी सोय केलेली आहे. सूर्य शेंड्यावर आला की झाडवाल्यांनी टोपल्या उचलायच्या आणि घरी जायचं. फुलं मात्र त्यानंतरही तास-दीड तास गळत राहतात. हा उरलेला मोह 'उन्हाचा', आणि उन्हाचा मोह बिनझाडाच्या बायांचा. तिला कोणी ये म्हणत नाही, कोणी नको म्हणत नाही. ती कुठल्याही झाडाखाली बसते. घरच्या विहिरीवर पाणी भरायला जावं, इतकं ते साधं असतं.

सोमारी ही बुधूभाऊची सख्खी बहीण. तिला गोंडपिपरीकडे दिली होती. नवरा तापानं गेला आणि ती विशीतच परत आली. बुधूकडे नऊ झाडं, सोमारीकडे एकही नाही. आता ती साठीला टेकली आहे. तिचं वर्षाचं मीठ, तेल, लुगडं आणि पावसाळ्यातलं अर्धं पोट या उन्हाच्या मोहावर चालतं. अशा सात बाया आहेत गावात. आणि हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, कारण नवीन असताना मी कोसेटोल्यात मुक्कामाला राहिले की सोमारीच्याच घरी जेवायचे. वाळवलेला मोह उकडून तिनं मला खाऊ घातला आहे.

तर गाडीत मी रीताला म्हटलं, "थोडं थांबायचं का? या बाया आता वेचायला येतात. झाडवाल्या गेल्यावर."

"ओके, इंटरेस्टिंग," रीता म्हणाली. "पण त्या प्रायमरी यूजर आहेत का?"

मी म्हटलं, "त्यांची झाडं नाहीत."

"मग नाहीत," ती म्हणाली, आणि एक पिवळा कागद काढून त्यावर माझ्याकडूनच लिहून घेतलं: 'नऊनंतरच्या बाया'. दुपारी हॉलमध्ये तो कागद एका वेगळ्या तक्त्यावर चिकटवला गेला. त्या तक्त्याला पार्किंग लॉट म्हणतात. जे महत्त्वाचं आहे पण आत्ता नको, ते तिथे लावायचं. सोमारीच्या शेजारी तिथे 'चहा लवकर हवा' आणि 'एसी कमी करा' हे दोन कागद होते. एसी दुपारनंतर कमी झाला.

मुख्य भिंतीवर मोनालीचं चित्र लागलं. नाव मोनाली, वय चौतीस, झाडं नऊ, स्वप्न: कंबर दुखू नये. पहाटे चार ते सकाळी नऊ असा तिचा प्रवास बाणांनी काढला होता. नऊच्या पुढे भिंत कोरी होती, कारण नऊला आम्ही पोहे खायला गेलो होतो. सगळ्या पाच दिवसांत, वीस शिकलेल्या माणसांपैकी एकानंही विचारलं नाही की झाडाखाली नऊनंतर काय होतं. मला तर विचारायचं कारणच नव्हतं. मला ठाऊक होतं.

मग मी मूग गिळून का बसले? लाज वाटते, पण सांगते. त्याच दुपारी रीतानं सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि म्हणाली, माधवी ही तुमच्या संस्थेची चॅम्पियन आहे. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी प्रफुल सर जवळ येऊन म्हणाले, नव्या प्रकल्पाला मॅनेजर लागेल, माझ्या डोक्यात तुझंच नाव आहे. चौदा वर्षांत मला कोणी कशाचंच चॅम्पियन म्हटलं नव्हतं. बेचाळिसाव्या वर्षी मी शाळकरी पोरीसारखी हुरळून गेले. दुसरा पिवळा कागद मी लिहिला नाही.

उपाय निघाला जाळीचा. झाडाखाली हिरवी जाळी चार खुंट्यांना कमरेइतकी उंच बांधायची, फूल जाळीत पडेल, वाकायला नको, पाचोळा जाळायला नको, पहाटे जायलाही नको. दुपारी गेलं तरी फूल जाळीत सुरक्षित. जाळी काही रीतानं शोधून काढली नव्हती, पण तिनं ती लोकर आणि ठोकळ्यांनी टेबलावर बांधून दाखवली, आणि प्रफुल सरांनी त्या जाळीचे चारी बाजूंनी फोटो काढले. मग गावासाठी नियमांचं पुस्तक निघालं. इंग्रजी रीतानं लिहिलं, मराठी मी केलं. चौथा नियम असा: 'जाळीत पडलेला मोह हा जाळीच्या मालकाचा राहील.' हे वाक्य लिहायला मला एक मिनिटही लागलं नाही. लिहिताना पेन जरासं अडलं असतं तरी मला आज बरं वाटलं असतं, पण ते अडलं नाही.

यंदाच्या मार्चमध्ये गावातल्या सगळ्या झाडवाल्यांच्या झाडांखाली जाळ्या लागल्या. जे चांगलं झालं ते चांगलं म्हणते: आग लागली नाही. मोनालीची कंबर दुखली नाही. पहाटे कोणाला अस्वल भेटलं नाही. गावानं जाळी समिती केली आणि बुधूभाऊचा मुलगा दिनेश, मोनालीचा नवरा, तिचा सचिव झाला. बारावी शिकलेला, नीटनेटका पोरगा. नियमांचं पुस्तक तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायचा.

पंधरा दिवसांत वजनं आली. दर घरी मोह सव्वापट. प्रफुल सरांनी ऑफिसात पेढे वाटले. रीतानं बंगळुरूहून फोन केला, फिल्म बनवायला येते म्हणाली. सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी इतक्या थोपटल्या की मला वाटलं आता कोणीतरी ढेकर देईल. मला प्रकल्प मॅनेजर लिहिलेलं ओळखपत्र मिळालं होतं. मी अहवालाला बसले, 'उत्पन्नात पंचवीस टक्के वाढ' असं टाइप केलं, आणि हात थांबला. झाडं तीच. फुलं तितकीच. जाळीमुळे झाड काही जास्त फुलत नाही. थोडं हरणांच्या तोंडचं वाचलं असेल. बाकीचं कोणाच्या टोपलीतून आलं?

दुसऱ्या दिवशी मी सोमारीच्या घरी गेले. या दिवसांत तिच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे मोह वाळत घातलेला असतो. अंगण सारवलेलं होतं, स्वच्छ आणि रिकामं. टोपली भिंतीला टांगलेली होती. सोमारी दारात बसून चिंचेचे चिंचोके काढत होती.

"ये वो माय," ती म्हणाली. "बस."

मी विचारलं, "मोह वेचाले नाई गेली?"

"गेलती ना. तीन दिवस गेली. खाली काईच पडत नाई. वरतं जाळी राह्यते." तिनं एक चिंचोका बाजूला टाकला. "जाळीतून काढू का, मले समजत नाई. हात घालाचा का नाई घालाचा, कोनाले विचारू?"

"आनखी बाकीच्या?"

"चैतूची माय लेकीकडे गेली. दोघीजनी पार पहाडीकडच्या झाडाईले जातेत, थे झाडं कोनाचेच नाईत. तिकडे वाघ आहे म्हून मी नाई गेली. माह्यानं पळनं होत नाई आता."

मी म्हटलं, मी बोलते. काहीतरी करते. सोमारीनं मान हलवली, तिचा माझ्यावर विश्वास होता. मग मी आठ दिवस काहीही केलं नाही. फिल्मची तयारी होती, फंडरला आकडे पाठवायचे होते, आणि मी स्वतःला सांगत होते की फिल्म झाली की सरांशी शांतपणे बोलू. मी दुसऱ्यांना इतकी नावं ठेवते, म्हणून हेही लिहून ठेवते. मोहाचा हंगाम महिनाभराचा असतो, आणि त्यातले आठ दिवस मी माझ्या सोयीसाठी खाल्ले.

नवव्या दिवशी रीता कॅमेरेवाल्यांना घेऊन कोसेटोल्यात पोचली, सोबत प्रफुल सर आणि मी. गावात शिरलो तर बाया-माणसं झाडाखाली जमलेली. ग्रामसभा बसली होती. मध्ये जमिनीवर एक टोपली, अर्धी मोहानं भरलेली, आणि टोपलीपासून दोन हातांवर सोमारी बसलेली. डोक्यावरून पदर इतका पुढे ओढलेला की तोंड दिसत नव्हतं.

आदल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती बुधूच्या झाडाखाली गेली होती. चाळीस वर्षं जात होती तशीच. जाळीत हात घालून तिनं मोह काढला, आणि दिनेशनं पाहिलं. तिचा भाचाच तो. पण भाचा असला तरी समितीचा सचिव होता, आणि आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका बाईला त्यानं जाळीला हात लावू दिला नव्हता. आत्याला सोडलं असतं तर गावानं तोंडात शेण घातलं असतं. त्याचीही रात्रभर झोप झालेली दिसत नव्हती.

"वा," रीता माझ्या कानाशी म्हणाली, "कम्युनिटी गव्हर्नन्स!" आणि कॅमेरेवाल्याला बोटानं खूण केली. मला तिचं बोट मोडावंसं वाटलं.

दिनेशनं पुस्तक काढून चौथा नियम वाचला. माझं मराठी त्यानं मोठ्यानं, अडखळत, एकेक शब्द वाचला. मग म्हणाला, "मी काई मनानं नाई बोलून राह्यलो. थे पुस्तकात आहे. पुस्तक सगळ्याईनं मंजूर केलं, सगळ्याईनं अंगठे देल्ले. मंग आता याले चोरी म्हनाची का नाई, थे तुम्ही सांगा."

चोरी हा शब्द कोसेटोल्यात मोहाच्या बाबतीत मी पहिल्यांदा ऐकला. सोमारीचा पदर हलला नाही.

बुधूभाऊ उठला. म्हातारा आता काठी धरतो. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "माधवीबाई, पुस्तक तुम्ही आनलं. उन्हाच्या मोहाचं त्याच्यात काई लिहिलं नाई काऊन? तुमाले मालूम नोतं काय?"

प्रफुल सर घाईनं पुढे झाले. "बुधूभाऊ, हा पहिला टप्पा आहे, पुढच्या टप्प्यात आपण सगळ्यांना..."

"तुमाले नाई विचारलं गा भाऊ," बुधू म्हणाला. "तुम्ही आता गावाचे राह्यले नाई. या बाईनं माह्या बहिनीच्या घरी जेवन केलं आहे. हिले विचारून राह्यलो."

मी उभी राहिले. मी म्हटलं, "मालूम होतं, भाऊ. पहिल्या दिवसापासून मालूम होतं. मी एकदा सांगितलं, त्याईनं कागदावर लिहून बाजूले ठेवलं, मी पुन्हा बोलली नाई. चवथा नियम माह्या हातचा आहे. तुमच्या घरी यंदा जो मोह जास्त आला, थो या सात बायाईच्या टोपलीतला आहे. सोमारीबाईनं चोरी नाई केली. तिचं होतं थे आपन काढून घेतलं, आनखी त्याले वाढ म्हटलं."

प्रफुल सरांचा चेहरा लाल झाला होता. कॅमेरा चालूच होता, कारण कॅमेरेवाल्याला थांब म्हणायला कोणाला सुचलं नाही.

मग गावानं ते प्रकरण मिटवलं, आणि किती वेळात मिटवलं ते सांगते: विडी संपायला लागतो तेवढ्या वेळात. सूर्य शेंड्यावर आला की प्रत्येकानं आपापली जाळी एका बाजूनं सोडायची, पुढचं फूल जमिनीवर पडू द्यायचं. बस. ना लोकर, ना ठोकळे. बायांनी माना हलवल्या. दिनेशनं सुटकेचा श्वास टाकला आणि पेन काढून चौथ्या नियमाखाली लिहायला लागला.

इथेच सगळं थांबलं असतं तर मी ही गोष्ट कोणाला सांगितली नसती. पण आमच्यासारखी माणसं एखादी गोष्ट नुसती बरी होऊ देत नाहीत.

"ब्रिलियंट!" रीता टाळ्या वाजवत पुढे आली. "हेच तर आहे! प्रोटोटाइप, फीडबॅक, व्हर्जन टू! माधवी, तू किती हिंमतीनं बोललीस!" तिनं मला मिठी मारली. तिला आपला अपमान झालेला समजलाच नव्हता. माझा सगळा कबुलीजबाब तिच्या पाच पायऱ्यांमध्ये अलगद बसला, पाचवी पायरी, करून पाहून सुधारायची, रिकामीच होती. प्रफुल सरांचा चेहरा तिच्या टाळ्यांबरोबर पूर्वपदाला आला, मग हसरा झाला. फंडरला 'वंचितांचा समावेश' नावाचा एक रकाना भरून हवा होता, आणि तो वर्षभर कोरा होता.

"पण मग कोण वेचू शकतं, कोण नाही, याची यादी हवी," सर म्हणाले. "नाहीतर उद्या दुसऱ्या गावच्या येतील. ओळखपत्र देऊ. समितीची सही."

दिनेशला ते पटलं. यादी असली की त्याला पुन्हा कोणाला पकडावं लागणार नव्हतं. बुधूभाऊ काहीतरी म्हणणार होता, पण तोवर लोक उठायला लागले होते, फुलं वाळवायची होती. सोमारी उठली, टोपलीतला मोह तिनं बुधूच्या पायाशी जमिनीवर ओतला, आणि रिकामी टोपली घेऊन घरी गेली. कॅमेरेवाल्यानं तिला पाठमोरी टिपलं. फिल्ममध्ये ते दृश्य आहे, मागे बासरी आहे.

यादी करायचं काम माझ्यावर आलं, अर्थातच. मॅनेजर मी. दुसऱ्या दिवशी सात छापील फॉर्म आणि शाईचं पॅड घेऊन मी घरं फिरले. फॉर्मवर वर लिहिलं होतं, 'लाभार्थी नोंदणी'. तिघींनी निमूट अंगठे दिले. चैतूची माय लेकीकडेच होती आणि पहाडीकडे गेलेल्या दोघी परत आल्या नव्हत्या, त्यांचे फॉर्म राहिले. शेवटी सोमारीकडे गेले.

तिनं मला बसायला सांगितलं नाही. मी आपणहून ओट्यावर बसले आणि फॉर्म समोर ठेवला.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"तुझं नाव आहे. कार्ड भेटन. कार्ड असलं की उन्हाचा मोह वेचता येन, कोनी अडवनार नाई."

"कार्ड कोन देन?"

"समिती."

"म्हंजे दिनेश."

"व्हय."

तिनं कागद उलटासुलटा करून पाहिला. तिला वाचता येत नाही. मी सांगत सुटले की जाळ्या आता नऊला सोडणार आहेत, चोरीचं बोलणं गावानं मागे घेतलं आहे, तिचं जे होतं ते तिला परत मिळालं आहे. माझं मलाच ऐकू येत होतं की मी रीतासारखी बोलते आहे.

"परत नाई भेटलं," सोमारी म्हणाली. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला झेपलं असतं. "माह्या भावाच्या झाडाखाली मी चाळीस वर्ष बसली. कोनाले मांगलं नाई, कोनी देल्लं नाई. थे होतं. आता मले दिनेश देन, तवा भेटन. उद्या त्याची बायको नाई म्हनन, तवा नाई भेटन. हे थे नाई, बाई."

फॉर्म उचलून फाडावा असं मनात आलं. पण फाडला असता तर माझं मन मोकळं झालं असतं आणि तिला उद्या जाळीशी अडवलं असतं.

तिनं बाहेर पाहिलं. ऊन चढत होतं. हंगामाचे सहा-सात दिवस राहिले असतील, आणि तिच्या अंगणात एक फूल नव्हतं. तिनं लुगड्याला हात पुसला आणि अंगठा पुढे केला.

मी पॅड उघडून धरलं.